साजाचं पान आणि पंचवीस मिनिटं पुढं पळालेलं घड्याळ

कोल्हापुरात गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या, मागच्या अंगाला दोन खोल्यांचं एक डिझाइन ऑफिस आहे. नवरात्राच्या आदल्या आठवड्यात तिथून फोन आला. "दादा, कॉम्प्युटरचं घड्याळ पुढं पळालंय. येताना सेल घेऊन या." रोग गिऱ्हाइकानंच ओळखलेला आणि औषधही त्यांनीच सांगितलेलं. मी सेल घेऊन गेलो. इथंच माझं चुकलं.

ऑफिस एका ताईंचं. त्या दागिन्यांची डिझाइनं करतात. मॉडेल राइनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनतं, मग ब्लेंडर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं रेंडर काढून सराफाला फोटोसारखं चित्र दाखवायचं. त्याला पसंत पडलं की मॉडेलची फाइल मेणाच्या प्रिंटला जाते आणि तिथून हुपरीला, चांदीत ओतायला. हाताखाली एक पोरगा आहे, हुशार आणि हातचळ्या. मशिनं दोन. एक 'मोठं', म्हणजे सेकंडहँड घेतलेला असेम्बल पीसी: चौथ्या पिढीचा कोअर आय-सेव्हन, नंतर टाकलेलं ग्राफिक्स कार्ड, विंडोज १०. दुसरा पोराचा लॅपटॉप. दोन्हींवर कामाचं एकच फोल्डर, आणि दर थोड्या वेळानं ते जुळवून घेणारं एक फुकटातलं सिंकचं सॉफ्टवेअर. त्याचा नियम सोपा: ज्या फाइलची वेळ नंतरची, ती खरी.

मी गेलो तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. मोठ्या मशीनवर दहाला पाच कमी. मी मोबाईल दाखवला तर पोरगा म्हणतो, "भिंतीवरचं घड्याळ पण तेच दाखवालंय की. तुमचा मोबाईलच मागं असंल." वर बघितलं, भिंतीवरही जवळपास तेवढेच वाजले होते. मोबाईलची वेळ टॉवरवरून येते, ती मागं असायचं कारण नाही, एवढं सांगून मी कॅबिनेट उघडलं. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल काढून मीटर लावला तर ३.०४ व्होल्ट. म्हणजे सेल चांगला होता. तरी बदलला. काहीतरी बदललेलं दिसलं की गिऱ्हाइकाला बरं वाटतं आणि पैसे मागायला तोंड राहतं. धंद्यातली ही खोड मी लपवत नाही. मशीन चालू केलं, वेळ बरोबर दिसली. ताई म्हणाल्या, "बघा, सेलच होता."

सेल नव्हता. तो बसवण्याआधीच मला ते कळायला हवं होतं. मदरबोर्डवरचा सेल मशीन बंद असतानाच कामाला येतो. वीज नसते तेव्हा रिअल टाइम क्लॉक नावाच्या छोट्या सर्किटला तो जिवंत ठेवतो. सेल मेला तर सकाळी मशीन लावल्यावर तारीखच कुठल्या कुठं गेलेली दिसते. हे मशीन तर रात्रभर चालूच होतं, रेंडरला लावलेलं. चालू मशीनचं घड्याळ पळतं आणि रीस्टार्ट केल्यावर बरोबर येतं, याचा अर्थ सेलच्या जिवावर चालणारं घड्याळ ठणठणीत आहे आणि बिघाड दुसऱ्या घड्याळात आहे. पीसीत घड्याळं एकाहून जास्त असतात, हे मला ठाऊक होतं. त्या सकाळी आठवलं नाही.

माशाचं पान

आठ दिवसांनी पुन्हा फोन आला, आवाज वेगळा. "दादा, जरा ऑफिसला येता का? घड्याळाचं नंतर बघू, आमच्या फाइली गायब व्हायला लागल्यात."

काम एका साजाचं होतं. कोल्हापुरी साजात एकवीस पानं, त्यातली दहा दशावताराची, आणि त्यात पहिलं मत्स्याचं. या माशाच्या पानाच्या मागची कडी ०.८ मिलिमीटर जाड होती. हुपरीच्या कारागिरानं सकाळी फोन करून सांगितलं, एवढी बारीक कडी ओतताना टिकणार नाही, १.१ करा. पोरानं लॅपटॉपवर ती लगेच वाढवली, फाइल सेव्ह केली. दुपारी मोठ्या मशीनवरून फाइल मेणाच्या प्रिंटला गेली. चार दिवसांनी चांदीचा माल आला तो माशांच्या कड्या तुटूनच. मॉडेल उघडून बघितलं तर कडी ०.८ च.

पोरगा शपथा खायला लागला. "आईशप्पथ ताई, मी वाढवली होती. सेव्ह करून तुम्हाला सांगितलं पण." ताईंना त्याचं सांगणं आठवत होतं, पण फाइल तर समोर होती. दोघांत दोन दिवस अबोला. चांदी काय, परत वितळवता येते. मजुरी आणि सराफाला दिलेला शब्द परत येत नाही.

मी आधी विंडोजचा इव्हेंट लॉग उघडला. कुणी किंवा कशानंही मशीनची वेळ बदलली की सिस्टिमच्या लॉगमध्ये कर्नल-जनरल या नावाखाली, क्रमांक १ ची नोंद पडते, आणि तीत जुनी वेळ व नवी वेळ दोन्ही लिहिलेल्या असतात. चोराच्या पावलांचे ठसे म्हणावेत अशी ही नोंद, पण ती बघायला कुणी जात नाही. त्या दिवसाची नोंद सापडली: घड्याळ सकाळी १०:४१:०७ वरून १०:१५:५० वर आलं होतं. पोराला विचारलं. तो म्हणाला, "व्हय, वेळ चुकलेली दिसली म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन वेळेचं सिंक दाबलं होतं." म्हणजे त्या क्षणी मशीन २५ मिनिटं १७ सेकंद पुढं होतं.

मग सगळं कोडं कागदावर मांडलं. ताईंनी रात्रीचं रेंडर संपल्यावर सकाळी खऱ्या ९:०७ ला मोठ्या मशीनवर साजाचं मॉडेल उघडलं होतं, जरा फिरवून बघितलं आणि सवयीनं सेव्ह केलं. फाइलवर वेळ पडली ९:३२. पोरानं कडी वाढवून लॅपटॉपवर सेव्ह केलं खऱ्या ९:१५ ला, त्यावर वेळ ९:१५. सिंकवाल्यानं दोन्ही फाइली बघितल्या: एक ९:३२ ची, एक ९:१५ ची. नंतरची ती खरी. त्यानं ताईंची जुनी फाइल लॅपटॉपवर चढवली आणि पोराचं काम पुसून टाकलं. कुठं एरर नाही, सूचना नाही. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत, फाइलची वेळ १ जानेवारी १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या तुकड्यांत मोजून ठेवतं. इतका बारीक हिशेब, आणि ज्या घड्याळावरून तो मांडायचा तेच पंचवीस मिनिटं खोटं.

पोराचा अबोला तिथंच सुटला. चहा आला.

आधी ज्यांच्यावर संशय घेतला

"जड सॉफ्टवेअर चाललं की घड्याळ बिघडतं" ही तक्रार या धंद्यात जुनी आहे. एक्सपीच्या काळात ती मी बऱ्याचदा ऐकली आहे. मोठा गेम किंवा थ्रीडीचं काम तासभर चाललं की घड्याळ काही मिनिटं मागं. त्याचं कारण तेव्हाच्या पद्धतीत होतं. टाइमरनं ठराविक अंतरानं प्रोसेसरला टिचकी मारायची आणि विंडोजनं दर टिचकीला घड्याळ एक पाऊल पुढं टाकायचं. मूळ आयबीएम पीसीत टिचक्या सेकंदाला सुमारे १८.२ पडत. विंडोजमध्ये साधारण ६४, म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदांना एक. एखाद्या उद्धट ग्राफिक्स ड्रायव्हरनं प्रोसेसर अडवून धरला की मधल्या टिचक्या वाया जात, आणि वाया गेलेली टिचकी कुणी भरून देत नसे.

माझ्या डोक्यात पहिल्यांदा हेच आलं. पण टिचकी हरवली तर घड्याळ मागं पडेल. पुढं कसं पळेल? चुकीची दिशा बघितली आणि हा संशयित तिथंच सुटला. इंटरनेटवर या तक्रारीला जी उत्तरं मिळतात त्यातली बरीचशी दिशा न विचारताच दिलेली असतात.

दुसरा संशय उष्णतेवर. रात्रभर रेंडर, बंद खोली, ऑक्टोबरची उकड. रिअल टाइम क्लॉकचा क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. दोनचा पंधरावा घात, म्हणून पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक सेकंद हाती येतो. उष्णतेनं त्याची गती बदलते हे खरं. पण किती? २५ अंशांना तो ठीक चालत असेल तर ६५ अंशांना दहा लाखांत साधारण ५४ भागांनी मंद होतो. दिवसाला पावणेपाच सेकंद, तेही मागं. आमच्याकडं १४ तासांत पंचवीस मिनिटं, आणि पुढं. उष्णतेची आणि या चुकीची गाठच पडत नाही.

तिसरा संशय टाइमझोनचा. एकाच मशीनवर लिनक्स आणि विंडोज दोन्ही असले की बरोबर साडेपाच तासांचा घोळ होतो, कारण एक जण मदरबोर्डवरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजतो आणि दुसरा स्थानिक. पण तो घोळ एकदाच होतो, वाढत नाही. कोल्हापूरकराला हे सांगायला वेगळा दाखला नको. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि कोल्हापूर ७४.२ च्या आसपास. त्यामुळं आपलं ऊन घड्याळाच्या सरासरी ३३ मिनिटं मागं. अंबाबाईच्या किरणोत्सवाला नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस मावळतीचं किरण पायांपासून मुखापर्यंत चढताना मिनिटामिनिटाची नोंद होते, तिला या ३३ मिनिटांनी काही बिघडत नाही. ठरलेला फरक वजा करता येतो. वाढत जाणारा फरक करता येत नाही, त्याचा वेगच शोधावा लागतो.

म्हणून "किती पुढं गेलं" विचारायचं सोडून "मिनिटाला किती जातंय" ते मोजायला बसलो.

मोजणी

विंडोजमध्ये डब्ल्यू-३२-टीएम नावाची एक आज्ञा आहे आणि तिला स्ट्रिपचार्टचा पर्याय आहे. बाहेरच्या एखाद्या टाइम सर्व्हरशी दर दोन सेकंदांनी ती आपली वेळ ताडून बघते आणि फरक ओळीखाली ओळ छापत जाते. मी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा सर्व्हर लावला. भारताची प्रमाणवेळ तीच प्रयोगशाळा सीझियमच्या घड्याळांवर सांभाळते.

आधी मशीन नुसतं चालू ठेवलं, दहा मिनिटं. फरक काही मिलिसेकंद. मग ग्राफिक्स कार्डाला घाम फोडणारा टेस्ट प्रोग्राम लावला. पंख्यांचा आवाज वाढला, कार्ड ८० अंशांच्या पुढं गेलं. दहा मिनिटं झाली, फरक तेवढाच, काही मिलिसेकंद.

इथं मी थांबलो. ग्राफिक्सचा भार पडला की घड्याळ पळतं, अशी तक्रार होती. भार तर पुरेपूर टाकला होता, आणि घड्याळ हलायला तयार नव्हतं.

मग ब्लेंडर उघडलं. काही लोड केलं नाही. उघडल्यावर मधोमध जो एकटा चौकोनी ठोकळा असतो तेवढाच पडद्यावर. कार्ड थंड, पंखे गप्प. दोन मिनिटांनी स्ट्रिपचार्टकडं बघितलं: ३.६ सेकंद. पाच मिनिटांनी ९. दहा मिनिटांनी बरोबर १८. आकडे पट्टीनं रेघ मारावी तसे सरळ वाढत होते. ब्लेंडर बंद केलं की वाढ जागच्या जागी थांबली; गेलेले १८ सेकंद मात्र तसेच राहिले.

मिनिटाला १.८ सेकंद म्हणजे ३ टक्के. इतका गोल आकडा बिघाडातून येत नाही, तो कुणीतरी ठरवलेला असतो. इव्हेंट लॉगशी ताडून बघितला. २५ मिनिटं १७ सेकंद म्हणजे १५१७ सेकंद. ते ३ टक्के धरले तर ब्लेंडर सुमारे १४ तास ३ मिनिटं उघडं असायला हवं. रेंडरच्या पहिल्या चित्राची वेळ संध्याकाळी सात वाजून चार, आणि ताईंनी ब्लेंडर बंद केलं सकाळी नऊ-पाचच्या सुमाराला. हिशेब बसला.

आता एकच खात्री उरली होती. ब्लेंडरच्या फोल्डरची कॉपी काढली, आतल्या एक्झी फाइलचं नाव बदलून 'साज' ठेवलं आणि तीच उघडली. तोच प्रोग्राम, तोच ठोकळा. दहा मिनिटं गेली. घड्याळ जागचं हललं नाही.

मागं उभा राहून पोरगा हे बघत होता. त्याचा चेहरा उतरला. "दादा," तो म्हणाला, "ते स्पीडचं सॉफ्टवेअर तर नसंल?"

तीन टक्के फुकट

घड्याळाच्या शेजारी, लपवलेल्या आयकॉनांच्या घोळक्यात, मदरबोर्डबरोबर आलेली एक सुविधा बसली होती. मशीन विकणाऱ्यानं सीडीवरचं सगळं टाकून दिलं होतं, त्यातलीच ती. तिच्यात प्रोफाइल बनवता येत होती: अमुक नावाचा प्रोग्राम सुरू झाला की प्रोसेसरचा वेग इतका वाढव, बंद झाला की पूर्ववत कर. महिन्याभरापूर्वी पोरानं एक व्हिडिओ बघून ब्लेंडरच्या नावानं प्रोफाइल केलं होतं. बेस क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग ज्याच्या पटीत ठरतो तो मूळ ठोका, १०० वरून १०३ मेगाहर्ट्झ. घड्याळाची तक्रार सुरू झाली तीही महिन्याभरापूर्वीच. मध्ये दुवा आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. यायचं कारणही नव्हतं, प्रोसेसरचा वेग वाढवला म्हणून टास्कबारवरचं घड्याळ पळेल असं कुणाला वाटेल?

ते का पळतं, हाच या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आताची विंडोज टिचक्या मोजत बसत नाही. प्रोसेसरच्या आत एक गणक असतो, टाइम स्टॅम्प काउंटर. १९९३ च्या पेंटियमपासून तो आहे. सुरुवातीला प्रोसेसरचा वेग कमी-जास्त झाला की हाही तसाच कमी-जास्त पळे, म्हणून वेळेच्या कामाला भरवशाचा नव्हता. इंटेलच्या २००८ च्या नेहेलेम पिढीपासून तो स्थिर झाला: टर्बो लागो नाहीतर प्रोसेसर झोपी जावो, हा एकाच चालीनं चालतो. शिवाय वाचायला फार स्वस्त. म्हणून विंडोज वेळेचा हिशेब त्याच्यावर टाकते. पण हा गणक सेकंदाला किती मोजतो ते तिला आधी माहीत असावं लागतं, आणि ते माप ती मशीन सुरू होतानाच घेऊन ठेवते.

गोम अशी की या पिढीच्या प्रोसेसरांत गणकाची चाल बेस क्लॉकला बांधलेली आहे. १०० मेगाहर्ट्झ गुणिले ३५ म्हणजे ३.५ गिगाहर्ट्झ. विंडोजनं सुरू होताना माप घेतलं: साडेतीन अब्ज मोजले की एक सेकंद. मग पोराच्या प्रोफाइलनं चालत्या मशीनमध्ये बेस क्लॉक १०३ केला. गणक सेकंदाला ३ अब्ज ६० कोटींच्या वर मोजायला लागला. विंडोजला कुणी कळवलं नाही. ती आपली साडेतीन अब्ज झाले की एक सेकंद धरते, आणि ते आता ०.९७१ सेकंदातच होतात.

बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला, त्या मूकपटांच्या जमान्यात कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवत. दाखवणाऱ्याची चाल ठरलेली आणि फिरवणाऱ्याचा हात मध्येच जलद झाला, तर फिल्मवर सेकंदाला जास्त चित्रं पडतात आणि पडद्यावर तेच दृश्य लांबतं. चित्रं मोजून वेळ सांगणाऱ्याला वाटतं जास्त वेळ गेला. आमच्या विंडोजचं तेच झालं.

हेच १०३ बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्राममध्ये, जाऊन मशीन सुरू होण्याआधी लावलं असतं तर काहीही झालं नसतं, कारण माप वाढलेल्या चालीवरच घेतलं गेलं असतं. मदरबोर्डवरच्या रिअल टाइम क्लॉकचा स्फटिक वेगळा, त्याला बेस क्लॉकशी देणंघेणं नाही. म्हणून रीस्टार्टला वेळ बरोबर येई आणि मी बदललेल्या सेलला त्याचं श्रेय मिळालं.

ही गोष्ट जगाला नवी नाही. ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवण्याचे, विक्रम नोंदवणाऱ्या एचडब्ल्यूबॉट या संस्थेनं ऑगस्ट २०१३ मध्ये विंडोज ८ वरचे विक्रम घ्यायचं थांबवलं होतं, ते याचमुळं. तिथं चाल उलटी होती. चालत्या मशीनमध्ये बेस क्लॉक ६ टक्क्यांनी कमी केला की मशीनचं घड्याळ पाच मिनिटांत १८ सेकंद मागं पडे, आणि खरं तर मंदावलेलं मशीन बेंचमार्कमध्ये, म्हणजे वेगाच्या चाचणीत, जास्त गुण मिळवी. घड्याळ मंद केलं की धावणारा जलद दिसतो. पुढच्या, स्कायलेकपासूनच्या पिढ्यांत हा घोळ असा होत नाही. जुन्या मशीनवर अजून होतो, आणि कोल्हापुरात जुनी मशिनं काही कमी नाहीत.

आमच्या पोराची गंमत तर आणखी निराळी. त्याचं रेंडर ग्राफिक्स कार्डावर चालतं आणि कार्डाला स्वतःचं वेगळं क्लॉक आहे. प्रोसेसरच्या ३ टक्क्यांनी त्याचा काही उपयोग होण्यासारखा नव्हता. एक चित्र मोबाईलच्या स्टॉपवॉचवर चार मिनिटांत झालं. ब्लेंडरनं लिहिलं चार मिनिटं सात सेकंद. म्हणजे वेग वाढवल्यावर मशीन त्याच्याच आकड्यांत मंद झालं होतं. त्याला मी विचारलं, हे दिसलं नव्हतं का? "दिसलं होतं की. मला वाटलं कार्ड गरम होतंय. म्हणून प्रोफाइल १०५ करणार होतो."

उपाय, आणि एक न केलेला उपाय

प्रोफाइल काढलं आणि ती सुविधाच अनइन्स्टॉल केली. बायोसमध्ये १०० च ठेवलं. तीन टक्क्यांसाठी बारा वर्षांच्या बोर्डाला ताण द्यावा असं मला वाटत नाही, आणि रेंडर कार्डावर असताना तर नाहीच.

अशा वेळी इंटरनेटवर हमखास सापडणारा एक सल्ला म्हणजे बीसीडीएडिट या विंडोजच्या आज्ञेतून यूज-प्लॅटफॉर्म-क्लॉक चालू करा. त्यानं विंडोज प्रोसेसरमधल्या गणकाऐवजी एचपीईटी हा वेगळा टाइमर धरते, जो बेस क्लॉकच्या नादी लागत नाही. लक्षण कदाचित गेलंही असतं. पण एचपीईटी वाचायला गणकापेक्षा कितीतरी जास्त वेळ खातो, आणि ग्राफिक्सचे प्रोग्राम घड्याळ सेकंदाला असंख्य वेळा विचारतात. पायात काटा मोडलाय म्हणून काठी घेऊन चालण्यातली ती गत. काटा दिसत होता, तो काढला.

वेळेच्या सिंकचंही बघितलं. डोमेनवर, म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती नेटवर्कवर, नसलेल्या विंडोजमध्ये वेळ जुळवायचं मूळ अंतर ६,०४,८०० सेकंद, म्हणजे आठवड्यातून एकदा, होतं आणि या मशीनवर तेच होतं. वेळेची सर्व्हिसही सारखी चालू नसते. मी ती कायम चालू ठेवून अंतर तासावर आणलं. हे मात्र शेवटी केलं, मुद्दाम. आधी सिंक बंद ठेवून एक रात्र पुरं रेंडर चालवलं: १४ तासांनी फरक ०.३ सेकंद. सिंक आधी लावलं असतं तर दर तासाला पावणेदोन मिनिटं पुसली गेली असती आणि मूळ दुखणं झाकून राहिलं असतं. वर घड्याळ दर तासाला मागं उडी मारतंय म्हटल्यावर सिंकवाल्यानं आणखी काय घोळ केला असता, कुणास ठाऊक.

त्या सिंकच्या सॉफ्टवेअरवर ताईंचा राग होता, काढूनच टाका म्हणाल्या. मी ठेवलं. फक्त नियम बदलला. एकच फाइल दोन्हीकडं बदललेली असली तर स्वतः ठरवू नको, विचार. आणि पुसलेली फाइल महिनाभर बाजूला ठेव. हा दुसरा पर्याय पहिल्यापासून तिथं होता, कुणी टिक केला नव्हता. केला असता तर माशाची कडी दहा मिनिटांत परत मिळाली असती.

पोरानं कडी पुन्हा १.१ केली. या वेळी ताईंनी मोठ्या मशीनवर बसून स्वतः माप घेतलं, मगच फाइल मेणाला गेली. सेलचे पैसे मी परत केले. ताई नको नको म्हणत होत्या, पण चांगला चाललेला सेल मी उगाच काढला होता.

निघता निघता पायात चप्पल घातली आणि सवयीनं वर बघितलं. भिंतीवरचं घड्याळ पावणेआठ दाखवत होतं. मोबाईलवर सात एकवीस. पोराकडं बघितलं.

"मागल्या पंधरवड्यात त्याचा सेल बदलला होता," तो म्हणाला. "वेळ कॉम्प्युटरवर बघून लावली."

त्यानं स्टूल ओढलं आणि घड्याळ खाली काढलं.